माणसाच्या मापाचं काम

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझं आहे आणि मागून मसालेभाताचा वास येतो आहे, त्यामुळे मी वेळ पाळणार आहे. मगाशी प्रत्येकाने आपापल्या पस्तीस वर्षांचा हिशेब दिला. कोणी कारखाना काढला, कोणी हॉटेल, कोणी बँकेत मोठ्या पदावर गेलं, कोणी द्राक्षं निर्यात करतं. मी माझ्याबद्दल नाही, माझ्या धाकट्या भावाबद्दल बोलणार आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना तो आठवत असेल. मधल्या सुट्टीत तो फाटकाशी माझा डबा घेऊन उभा असायचा. त्या काळी सगळे त्याला 'मतिमंद' म्हणायचे. आता 'बौद्धिक दिव्यांग' म्हणतात. भाषणात तुझ्याबद्दल बोलू का, असं मी काल त्याला विचारलं. तो म्हणाला, "बोल. पण नाव नको सांगू. सगळे हाका मारतात." म्हणून नाव सांगत नाही.

तो चौथीपर्यंत आपल्याच शाळेत होता. त्याला वाचता येत नव्हतं, बेरीज येत नव्हती. पण आपल्या गणिताच्या बाईंनी त्याला एक काम दिलं होतं. दर सोमवारी खडूंच्या पेट्या लावायच्या. पांढरे एकीकडे, रंगीत एकीकडे, तुटके तिसरीकडे. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, ते काम त्याने एकदाही चुकवलं नाही. चौथीनंतर त्याचं नाव शाळेतून कमी झालं. मी कोणाला दोष देत नाही. तेव्हा तशी सोय नव्हती आणि तसा कायदाही नव्हता. पण खडूच्या पेटीनंतर त्याला काम मिळालं ते थेट बेचाळिसाव्या वर्षी. मधली तीस-बत्तीस वर्षं तो घरी होता. घरात पाहुणे आले की दाराबाहेरच्या त्यांच्या चपला जोडीने, सरळ रेषेत लावून ठेवायचा. आम्ही म्हणायचो, बसल्या बसल्या काहीतरी चाळा. तो चाळा नव्हता हे मला कळायला सात समुद्र ओलांडावे लागले. ती गोष्ट अशी.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे सॉल्ट लेक सिटीला गेले होते. यलोस्टोन बघायला निघालो तेव्हा वाटेत जॅक्सन नावाच्या गावी मुक्काम केला. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं हे डोंगरातलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. हिवाळा लांबलचक, बर्फ महिनोन्‌महिने. जिल्ह्यातली ९७ टक्के जमीन सरकारी, राष्ट्रीय उद्यानं आणि जंगलांची. उरलेल्या जमिनीचे भाव विचारायची सोय नाही. भाजीपाला येतो तो दूरवरून, ट्रकने. अशा गावात, एका बहुमजली वाहनतळाच्या भिंतीला लागून, काचेची एक तीन मजली इमारत दिसली. आत खालपासून वरपर्यंत हिरवंगार. मुलगी म्हणाली, "आई, ही शेती आहे."

तिचं नाव व्हर्टिकल हार्वेस्ट. वाहनतळाशेजारी नगरपालिकेची एक चिंचोळी पट्टी पडून होती, साधारण ३० फूट रुंद आणि १५० फूट लांब. आपल्या हिशेबात चार गुंठ्यांच्या आसपास. त्या पट्टीवर २०१६ मध्ये हे हरितगृह सुरू झालं. वर्षाला सुमारे एक लाख पौंड, म्हणजे ४५ टनांच्या घरात भाजीपाला काढायचं त्यांचं गणित होतं. टोमॅटो, लेट्यूस, आणि बोटभर उंचीची कोवळी रोपं, ज्यांना मायक्रोग्रीन्स म्हणतात. गिऱ्हाईक गावातलीच हॉटेलं आणि दुकानं.

माती नाहीच. आपल्या विज्ञानाच्या सरांनी काचेच्या बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवून पाण्यात सुटलेली मुळं दाखवली होती, आठवतं? हायड्रोपोनिक्स म्हणजे तोच कांदा, फक्त नीट हिशेबाने. झाडाला मातीतून लागतात ती अन्नद्रव्यं पाण्यात विरघळवून थेट मुळांना द्यायची. पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये ठेवायचा. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, त्यामुळे शेतातल्यापेक्षा पाणी फारच कमी लागतं. जॅक्सनमध्ये जागा वाचवायला रोपांचे ट्रे फिरत्या पाळण्यांवर टांगलेले होते. आकाशपाळणा फिरतो तसे ते हळूहळू फिरतात आणि प्रत्येक रोपाला उजेडाची पाळी मिळते.

पण मी तिथे थबकले ते यंत्रं पाहून नाही. काचेपलीकडे काम करणाऱ्यांमध्ये मला माझ्या भावासारखे चेहरे दिसले. ट्रे धुणारे, पेरणारे, पानं कापून वजन करणारे. आणि हे चेहरे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसत होते. आमच्याकडे असं माणूस पाहुणे आले की आतल्या खोलीत जातं.

मग मी या संस्थेबद्दल मिळेल ते वाचलं, विचारलं. नोना येहिया या वास्तुविशारद आणि पेनी मॅकब्राइड या त्यांच्या सहकारी, या दोघींची ही कल्पना. गावाला वर्षभर ताजी भाजी मिळावी, एवढाच सुरुवातीचा विचार होता. त्याच सुमारास कॅरोलिन क्रॉफ्ट नावाच्या बाई त्यांच्याकडे आल्या. दिव्यांगांना नोकऱ्या मिळवून देणं हे त्यांचं काम. गावात काम करू इच्छिणारे लोक आहेत आणि त्यांना करण्यासारखं काम नाही, ही त्यांची अडचण होती. नोना येहियांना ती समजावून सांगावी लागली नाही. त्यांचा स्वतःचा भाऊ दिव्यांग आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

सुरुवातीच्या काळात तिथे १५ दिव्यांग कर्मचारी मिळून आठवड्याचं १४० तासांचं काम वाटून घेत. म्हणजे माणशी सरासरी नऊ-साडेनऊ तास. आपल्याला वाटेल, एवढंच? पण खरी मेख त्यातच आहे. आपण नोकरी म्हणजे आठ तासांचं एक ठरलेलं खोकं समजतो, आणि त्यात जो बसत नाही तो नालायक ठरतो. त्यांनी उलट केलं. आधी माणूस पाहिला. त्याला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, किती वेळ लक्ष लागतं, सकाळी बरा असतो की दुपारी. मग सगळ्या कामाचे बारीक तुकडे केले आणि ज्याच्या हाताला जो तुकडा बसतो तो त्याला दिला. तिकडे याला माणसागणिक बेतलेला रोजगार म्हणतात आणि २०१४ च्या अमेरिकेतल्या कायद्यात त्याला जागा मिळाली आहे. मी सोप्या भाषेत म्हणते, शिंप्याकडचं काम. तयार सदरा होत नसेल तर माणूस कापायचा नाही, कापड कापायचं.

दुसरी गोष्ट पगाराची. अमेरिकेत १९३८ च्या एका कायद्यात अशी तरतूद आहे की परवाना घेऊन दिव्यांगांना किमान वेतनापेक्षाही कमी पैसे देता येतात. तिचा फायदा घेणारी ठिकाणं तिकडे आहेत. जॅक्सनच्या या मंडळींनी तो रस्ता घेतला नाही. कामाचे पैसे कामाच्या दराने दिले. तास कमी असतील, दर कमी नाही. आपल्याकडे अशा मुलांनी केलेल्या पणत्या आणि कागदी पिशव्या आपण दिवाळीला कौतुकाने घेतो. त्यांना त्याचे तासाला किती मिळतात, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, याला हायड्रोपोनिक्सच कशाला हवं? नसलं तरी चालेल. पण या शेतीत काही गोष्टी मुळातच सोयीच्या आहेत. काम कमरेच्या उंचीवर होतं, चाकाच्या खुर्चीतूनही करता येतं. ऊन-पाऊस-चिखल नाही. काम बाराही महिने असतं, हंगाम संपला म्हणून माणूस घरी बसत नाही. तीच कृती रोज त्याच क्रमाने येते. ज्यांना अचानक बदल सोसत नाही, त्यांना यात आधार वाटतो. चूक झाली तर एक ट्रे जातो, शेत जात नाही. आणि पेरलेलं चार दिवसांत उगवून दिसतं, म्हणजे केल्याचं फळ कोणी सांगायची गरज नाही.

मी नाशिकला परत आले आणि आईला हे सगळं सांगितलं. आईने एकच प्रश्न विचारला, "हा बिया मोजणार कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो विषय तिथेच राहिला. पुढे २०२१ च्या सुरुवातीला आई गेली आणि भाऊ माझ्याकडे राहायला आला. तो दिवसभर खिडकीत बसायचा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना मी पुढचं सांगायला नको. आपण पन्नाशी ओलांडली. रात्री दिवा मालवला की एकच विचार येतो, माझ्यानंतर याचं काय?

त्या वर्षीच्या थंडीत मी गच्चीवर शेडनेट टाकलं. पीव्हीसीचे सहा पाइप, एक छोटा पंप, पाण्याची टाकी, सामू मोजायचं मीटर. रोपवाटिकेत मिळतात ते काळे प्लॅस्टिकचे ट्रे आणले, ९८ कप्प्यांचे. कप्प्यांत कोकोपीट भरलं, बियांची वाटी त्याच्यासमोर ठेवली आणि एका कप्प्यात एक बी टाकून दाखवलं. मग मला फोन आला म्हणून मी खाली गेले. वीस-पंचवीस मिनिटांनी वर आले तर ट्रे भरला होता. एकही कप्पा रिकामा नाही, एकाही कप्प्यात दोन बिया नाहीत. त्याला ९८ म्हणजे किती हे आजही सांगता येत नाही. त्याने मोजलंच नव्हतं. रिकामा कप्पा दिसला की बी टाकायची, रिकामा दिसेनासा झाला की थांबायचं. मोजायचं काम ट्रे करत होता.

आईच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं, पण ऐकायला आई नव्हती. आणि पाहुण्यांच्या चपला, सोमवारचे खडू, हे सगळं काय होतं तेही मला त्या दिवशी कळलं. जागच्या जागी, एकाशी एक. ते त्याचं कसब होतं. बाईंनी ते तो आठ-नऊ वर्षांचा असताना ओळखलं होतं. सख्ख्या बहिणीला चाळीस वर्षं घरात राहून ओळखता आलं नाही.

सगळं गोडगोड झालं असं सांगितलं तर खोटं ठरेल. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी इतकं तापलं की लेट्यूसची मुळं तपकिरी पडून सडू लागली. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि रोग आत शिरतो, हे मी नंतर शिकले. उरलेली रोपं एका दुपारी गेली. वीज चार तास नव्हती, पंप बंद, आणि मी बाहेरगावी. पाइपमधल्या रोपांच्या मुळांना पाण्याचा पातळ थरच मिळतो. तो थांबला की तासा-दोन तासांत माना टाकतात. भावाने ते पाहिलं आणि आठ दिवस गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. त्याला वाटलं, त्याचं काहीतरी चुकलं. चूक माझी होती. पाणी, खत आणि वीज यांकडे लक्ष देणारं जाणतं माणूस या शेतीला हवंच. ते नसेल तर कसबी हातांचाही उपयोग होत नाही.

मग मी पाइप काढून टाकले आणि उथळ ट्रेमध्ये मोहरी, मेथी, मुळा यांची कोवळी रोपं घ्यायला लागले. दहा-बारा दिवसांत काढणी. पंप नाही, विजेची धास्ती नाही. आज दोन हॉटेलं आणि आमच्या कॉलनीतली काही घरं नेमाने माल घेतात. भाऊ सकाळी दोन तास काम करतो. पेरणी आणि ट्रे धुणं त्याचं, कात्रीने कापणं आणि वजन माझं, कारण कात्री त्याला आवडत नाही. दर शनिवारी त्याचे पैसे त्याच्या हातात देते. खर्च वजा जाता मला स्वतःला फार काही उरत नाही, हेही सांगून टाकते. मोठ्या पैशांच्या मागे लागून या धंद्यात उतरणाऱ्यांनी सावध असावं. अमेरिकेत या क्षेत्रातल्या एरोफार्म्स आणि ॲपहार्वेस्टसारख्या मोठ्या कंपन्यांवर २०२३ मध्ये दिवाळखोरीचे अर्ज करायची वेळ आली. वीज, मजुरी आणि भाजीचा भाव यांचं गणित बसणं कठीण आहे. म्हणून गिऱ्हाईक आधी आणि ट्रे नंतर, असं मी प्रत्येकाला सांगते.

पण हिशेबाच्या वहीत न बसणारी एक जमेची बाजू आहे. आमच्याकडे भाऊबीजेला ओवाळताना आई पाटामागे उभी राहायची आणि हळूच त्याच्या मुठीत नोट सरकवायची. तो ती तबकात टाकायचा. दरवर्षी. आई गेली त्या वर्षी सण नव्हताच. २०२२ च्या भाऊबीजेला मी तबक घेऊन पुढे झाले आणि मला आठवलं, या वेळी मागे कोणी नाही. मी काही बोलणार इतक्यात त्याने खिशात हात घातला आणि दोनशे रुपये तबकात ठेवले. त्याचे. दोन नोटा, कडा जुळवून.

मित्रहो, हे ऐकून तुम्ही डोळे पुसावेत म्हणून मी उभी राहिलेली नाही. मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली, ज्यांचे कारखाने, हॉटेलं, दुकानं, द्राक्षबागा आहेत त्यांच्याकडून. आपल्या दिव्यांगांच्या १९९५ च्या कायद्यात नोकऱ्यांमध्ये तीन टक्के राखीव जागा होत्या, पण त्यात बौद्धिक दिव्यांगांना वाटा नव्हता. २०१६ च्या कायद्याने चार टक्के केले आणि त्यातल्या एका टक्क्यात त्यांनाही धरलं. पण ते सरकारी नोकऱ्यांपुरतं. खाजगी मालकावर सक्ती नाही, त्याला उत्तेजन द्यावं एवढंच म्हटलं आहे. म्हणजे तुमच्यावर जबरदस्ती कोणी करणार नाही. तुम्ही एवढंच करा. सोमवारी कामावर गेलात की असं एक काम शोधा जे रोज तसंच होतं आणि ज्याला तुमची चांगली माणसं कंटाळतात. खोकी लावणं, लेबलं चिकटवणं, बाटल्या निवडणं, ताटं पुसणं. दोन तासांचं असलं तरी चालेल. ते मला कळवा. त्याला बसणारा माणूस तुमच्या गल्लीतच असतो. शोधायला मी मदत करीन.

दुसरी, दया म्हणून विकत घेऊ नका. माल चांगला असेल तर घ्या, वाईट असेल तर तोंडावर सांगा. आमच्या एका हॉटेलवाल्याने ओला माल परत पाठवला होता. राग आला, पण त्यानंतर आम्ही पंखा लावून पानं सुकवायला शिकलो.

तिसरी विनंती आमच्या गुरुजनांना आणि आपल्यातल्या जे आज शिक्षक आहेत त्यांना. जो मुलगा काही शिकत नाही असं वाटतं, तो कोणी न सांगता काय करत बसतो, ते एकदा लिहून ठेवा आणि त्याच्या पालकांना द्या. आम्ही आईबाप, भाऊबहीण फार जवळ असतो. आम्हाला दिसत नाही.

बाई, तुमच्या खडूच्या पेटीबद्दल आभार मानायला मला पस्तीसहून जास्त वर्षं लागली. ते आज जाहीरपणे मानते.

आता जेवायला चला. कोशिंबिरीवर हिरवी कोवळी पानं दिसतील, ती आमच्या गच्चीवरची मोहरी आहे. संयोजकांनी तिचे पूर्ण पैसे दिले आहेत आणि मी सूट दिलेली नाही. आणि सभागृहातून बाहेर पडताना आपापल्या चपला शोधायची घाई करू नका. सकाळी तुम्ही त्या जशा टाकल्या होत्यात तशा त्या आता नसतील. तो आला आहे.